फोनवर रंग दिसत नाही

घरच्या मंडळींना यातली सुरुवात ठाऊक आहे, त्यांनी पहिले दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालतील.

२००६ सालची भाऊबीज. आत्या सकाळच्या गाडीनं इंदूरहून आली. दार बाबांनीच उघडलं. ती चपला काढता काढता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "दादा, तुझा रंग उतरलाय रे. बरं नाहीये का?" बाबा हसले. "वय झालं, आता उतरणारच. तुझा कुठे चढलाय?" आम्ही सगळेच हसलो. मी तर वर म्हणालो की दिवाळीला घर रंगवलंय, या भिंतीपुढे सगळेच फिके दिसतात. आत्या त्यावर काही बोलली नाही. पण ओवाळताना निरांजन चेहऱ्यासमोर धरून ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली, हे माझ्या लक्षात आहे. निघताना आईला म्हणाली, "वहिनी, दादाचं रक्त एकदा तपासून घ्या."

तीन दिवसांनी तिचा फोन आला. "दाखवलंस का डॉक्टरांना?"

"दाखवलं, दाखवलं. काही नाहीये," बाबा म्हणाले.

दाखवलं नव्हतं. मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो, आणि मीही काही बोललो नाही.

पुढचं सांगतो, पण त्याआधी जरा चीनला जाऊन यायचं आहे. कारण असं की बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी शिगेहिसा कुरियामा यांचं १९९९ साली आलेलं एक पुस्तक हाती लागलं. प्राचीन ग्रीक आणि प्राचीन चिनी वैद्य एकाच माणसाच्या शरीराकडे बघत असताना त्यांना इतकं वेगवेगळं कसं दिसत होतं, असा त्याचा विषय. त्यात चिनी वैद्यांच्या 'बघण्या'वर बरंच आहे. वाचता वाचता मला सारखी दारात थांबलेली आत्या दिसायला लागली. मग मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं थोडं इथे मांडतो.

चिनी वैद्यकात रोग्याला तपासायच्या चार पद्धती. पहिली बघणं. दुसरी ऐकणं आणि वास घेणं (चिनीत या दोन्हींना एकच शब्द आहे). तिसरी विचारणं आणि चौथी हात लावणं, म्हणजे मुख्यतः नाडी. आपल्या आयुर्वेदातही दर्शन, स्पर्शन, प्रश्न आहेतच. चिनी लोकांनी या चारांना चक्क क्रम लावला. 'नानजिंग' नावाचा साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ आहे, कठीण प्रश्न आणि त्यांची उत्तरं असा. त्यातल्या एकसष्टाव्या प्रश्नात ही उतरंड येते. जो नुसतं बघून ओळखतो तो दैवी, जो ऐकून ओळखतो तो ऋषितुल्य, जो विचारून ओळखतो तो कारागीर आणि जो नाडी धरून ओळखतो तो कुशल. आपण नाडीपरीक्षेला केवढं मानतो, आणि इथे ती शेवटच्या पायरीवर!

या बघणाऱ्यांचा आद्यपुरुष म्हणजे ब्यान च्युए. त्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट थोडक्यात सांगतो. त्साई राज्याच्या हुआन नावाच्या अधिपतीला तो भेटायला गेला. थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, महाराज, तुम्हाला आजार आहे, अजून कातडीतच आहे, आत्ताच उपाय करा. महाराज म्हणाले, मला काही झालेलं नाही. आणि तो गेल्यावर दरबाऱ्यांना म्हणाले, या वैद्यांना धडधाकट माणसावर उपचार करून श्रेय घ्यायची हौसच असते. (हे वाक्य आपल्याकडे आजही दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं.) दहा दिवसांनी वैद्य परत आला. आजार आता मांसात उतरलाय. महाराज गप्प. आणखी दहा दिवसांनी, आता आतड्यात आणि जठरात. महाराज नाराज. पुढच्या दहा दिवसांनी वैद्यानं महाराजांना लांबूनच पाहिलं, वळला आणि पळत सुटला. मागे माणूस पाठवून कारण विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की कातडीतल्या आजाराला शेक चालतो, मांसातल्याला सुई, आतड्यातल्याला काढा. मज्जेत गेलेला आजार यमाच्या अखत्यारीतला, तिथे माझं काम नाही. पाच दिवसांनी महाराजांचं अंग दुखायला लागलं. वैद्याचा शोध घेतला तर तो देश सोडून गेलेला. महाराज वारले.

गंमत म्हणजे ही गोष्ट सांगणारा वैद्य नव्हताच. तो होता हान फेइ, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला राजनीतीचा अभ्यासक. संकट लहान असतानाच ओळखावं हे राजांना पटवायला त्यानं ती वापरली. आणि याच हान फेइनं स्वतःच्या राजाला वारंवार लेखी सल्ले दिले होते, त्यानं ते मानले नव्हते. शेवटी इ.स.पू. २३३ मध्ये छिन राज्याच्या तुरुंगात त्याला विष घ्यावं लागलं. म्हणजे न ऐकलेल्या वैद्याची गोष्ट न ऐकलेल्या सल्लागारानं सांगितलेली आहे. मला ही गोष्ट आधी नुसती चातुर्यकथा वाटायची, पण हे कळल्यावर ती तशी वाटेना.

त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी इतिहासकार सिमा च्यान यानं ब्यान च्युएचं चरित्र लिहिलं. त्यात तर कहरच आहे. एका गूढ म्हाताऱ्यानं दिलेलं औषध तीस दिवस घेतल्यावर त्याला भिंतीपलीकडची माणसं दिसायला लागली, रोग्याच्या पोटातल्या गाठी दिसायला लागल्या, आणि नाडी तो फक्त नावाला धरायचा! अर्थात ब्यान च्युएच्या नावावरच्या गोष्टी काही शतकांवर पसरलेल्या आहेत. एका माणसाच्या आयुष्यात त्या मावत नाहीत. शांतुंग प्रांतातल्या हान काळातल्या दगडी शिल्पांत माणसाच्या डोक्याचा आणि पक्ष्याच्या अंगाचा एक वैद्य हातात सुई घेऊन दिसतो. तो ब्यान च्युएच असावा असं मानतात, कारण 'च्युए' म्हणजे एक पक्षीच.

पण भिंतीपलीकडचं बघणाऱ्या माणसाचा मला उपयोग नव्हता. आत्यानं इंदूरला कुठलं औषध घेतलं नव्हतं. साध्या डोळ्यांना काय शिकवत होते, हे मला हवं होतं. ते सापडलं 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ, आपल्याकडे चरकसंहिता तसा.

त्यात पाच रंग येतात: हिरवा-निळा, तांबडा, पिवळा, पांढरा आणि काळा. प्रत्येक रंग एकेका अवयवाशी जोडलेला. कुठलाही रंग मुळात वाईट नाही. प्रश्न तो जिवंत आहे की मेलेला एवढाच, आणि हे सांगायला ग्रंथकर्त्यांनी ज्या उपमा गोळा केल्यात त्या वाचून मी थक्क झालो. तांबडा असावा तर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, गोठलेल्या रक्तासारखा नको. काळा कावळ्याच्या पिसासारखा चालेल, काजळीसारखा नाही. पांढरा डुकराच्या चरबीसारखा ठीक, वाळक्या हाडासारखा दिसला की संपलं. हिरवा-निळा खंड्याच्या पंखासारखा की वाळलेल्या गवतासारखा, पिवळा खेकड्याच्या पोटासारखा की कसा, असं चाललेलं असतं. दुसऱ्या एका अध्यायात तांबडा कसा हवा, तर पांढऱ्या रेशमात गुंडाळलेल्या हिंगुळासारखा, आणि पिवळा तलम वस्त्रातल्या मनशिळेसारखा. म्हणजे रंग आतून झिरपून वर यायला हवा. पृष्ठभागावर फासलेला नको.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. मराठीत आपण 'रंग उतरला' म्हणतो तेव्हा गोरा-काळा म्हणत नसतोच. तजेला गेला, आतलं काहीतरी वर येणं थांबलं, असं म्हणायचं असतं. आत्यानं बरोबर तोच शब्द वापरला होता.

याच ग्रंथात ताप येण्याआधी चेहऱ्यावर लाली कुठे दिसते याचा नकाशाही आहे. डावा गाल म्हणजे यकृत, उजवा फुप्फुस, कपाळ हृदय, नाक प्लीहा, हनुवटी मूत्रपिंड. आजार उठायच्या आत ही लाली ओळखून उपचार करणं, याला ते 'न झालेल्या आजाराचा उपचार' म्हणतात. गाल आणि यकृत यांचा असा संबंध आजच्या शरीरशास्त्राला मान्य नाही, हे सांगायला नकोच. पण रोग्याला काही वाटायच्या आधी बघणाऱ्याला दिसू शकतं, हा धागा मला महत्त्वाचा वाटला.

आता एक खराखुरा वैद्य. चुनयू यी, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. याच्यावर खटला झाला, राजधानीत नेलं, तेव्हा त्याच्या धाकट्या मुलीनं सम्राटाला अर्ज केला. त्यातून इ.स.पू. १६७ मध्ये अवयव तोडायच्या शिक्षा रद्द झाल्या, असं इतिहास सांगतो. पुढे सम्राटानं त्याला त्याच्या विद्येबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरादाखल त्यानं आपले पंचवीस रोगी नोंदवून दिले. नाव-गाव, लक्षण, काय केलं, वाचला की मेला. सिमा च्याननं ते सगळं जपून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचे केसपेपरच म्हणा ना.

त्यातली एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. छी राज्याच्या प्रधानाकडे एक कारभारी होता, त्याचा एक गुलाम. हा गुलाम वाड्याच्या दाराबाहेर जेवत बसला होता. चुनयू यीनं येता-जाता त्याला पाहिलं. लांबून बघावं तर निस्तेज पिवळा, जवळून बघावं तर मेलेल्या गवताचा रंग. त्यानं ओळखीच्या एका खोजाला सांगितलं की याची प्लीहा बिघडली आहे, वसंतात याला अन्न जाणार नाही, उन्हाळ्यात रक्त पडून मरेल. गोष्ट प्रधानापर्यंत गेली. प्रधानानं कारभाऱ्याला बोलावून विचारलं, तुझा गुलाम आजारी आहे का? कारभारी म्हणाला, छे, काही आजार नाही, कुठे दुखत नाही.

गुलामाला कोणी विचारल्याची नोंद नाही. वसंतात तो आजारी पडला, चौथ्या महिन्यात रक्त पडून वारला. उपचाराचा एक शब्दही नाही. निदान अचूक आणि माणूस गेला.

अर्थात या नोंदी चुनयू यीनं स्वतःच सादर केलेल्या, तेव्हा बरोबर आलेल्याच जास्त असणार. पण त्याला एक श्रेय द्यायला हवं. तुझे अंदाज कधी चुकत नाहीत का, असं सम्राटानं विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं की चुकतात, मी काही परिपूर्ण नाही. सम्राटापुढे उभं राहून, तेही एकदा खटल्यातून सुटल्यावर, हे म्हणायला धैर्य लागतं.

तिसरी गोष्ट झांग झोंगजिंगची. तापांवरच्या ग्रंथामुळे हा चिनी वैद्यकात फार मोठा मानला जातो. इ.स.च्या तिसऱ्या शतकात हुआंगफू मी यानं लिहून ठेवलंय की झांगला एकदा वांग त्सान नावाचा तरुण कवी भेटला, विशी नुकतीच ओलांडलेला. झांग म्हणाला, तुला आजार आहे. चाळिशीत तुझ्या भुवया गळतील आणि त्यानंतर अर्ध्या वर्षात तू जाशील. अमुक काढा घे, टळेल. कवीला राग आला. काढा घेतला, पण प्यायला नाही. तीन दिवसांनी झांग पुन्हा भेटला. "औषध घेतलं?" "घेतलं." झांगनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, औषध घेतलेल्याचा हा रंग नव्हे. स्वतःच्या जिवावर इतका उदार का होतोस? वांग त्सान काही बोलला नाही. वीस वर्षांनी भुवया गळल्या आणि १८७ दिवसांनी तो वारला.

वांग त्सान ऐतिहासिक माणूस आहे, इ.स. १७७ ते २१७. तो स्वारीवर असताना वाटेत आजारी पडून गेला एवढंच राजवटीच्या इतिहासात आहे, भुवयांचं काही नाही. भुवया गळण्यावरून काहींनी कुष्ठरोगाचा तर्क केलाय. गोष्ट पुढे रचलेली असू शकेल. पण ती 'तीन दिवसांनी' आणि 'घेतलं' वाचल्यावर माझं काय झालं असेल, ते पहिले परिच्छेद न गाळलेल्यांना कळेल.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. ही 'दैवी' पद्धत व्यवहारात नेहमी वापरता येत नव्हती. १११६ मधल्या आपल्या औषधीग्रंथात कोऊ झोंगशी तक्रार करतो की श्रीमंतांघरच्या बायका आतल्या खोलीत, पडद्याआड, वर हातावर कापड. चेहरा दिसत नाही आणि नाडीही धड लागत नाही, मग चारातल्या दोन पद्धती गेल्याच की! १३४१ मध्ये दू बेन यानं जिभेच्या छत्तीस चित्रांचं पुस्तक तयार केलं. कुठली साय, कुठल्या भेगा, काळी पडलेली जीभ, सगळं काढलेलं. त्यापुढे जीभ बघणं हा चिनी वैद्यकाचा मोठा भाग झाला, तो आजतागायत. तान्ह्या मुलांची नाडी नीट सापडत नाही म्हणून तर्जनीवरची शीर बघायची पद्धतही रुजली.

या सगळ्यावर माझा विश्वास आहे का? जसाच्या तसा नाही. एकच जीभ वेगवेगळ्या वैद्यांना दाखवली तर त्यांची मतं नेहमी जुळत नाहीत, हे आधुनिक चाचण्यांत दिसलेलं आहे. पण नुसतं बघणं टाकाऊ झालं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लहान मुलांसाठीच्या मार्गदर्शक पद्धतीत रक्तक्षय ओळखायला मुलाचा तळवा बघायला सांगतात. कसा? तो आपल्या तळव्याशेजारी आणि दुसऱ्या मुलांच्या तळव्यांशेजारी ताडून. रंग एकटा कळत नाही, शेजारी दुसरा लागतो. कोंबड्याचा तुरा आणि गोठलेलं रक्त शेजारी शेजारी ठेवणाऱ्या त्या जुन्या वैद्यांनाही हेच शिकवायचं असावं, असं मला वाटतं.

आम्हाला बाबा रोज दिसत होते. कालच्या बाबांशेजारी आजचे बाबा ठेवले तर फरक काहीच नव्हता. आत्याजवळ मात्र गेल्या भाऊबीजेचे बाबा होते.

फेब्रुवारी २००७ मध्ये जिना चढताना त्यांना धाप लागली तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, मग तळहात उघडायला सांगितला. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ होती आणि तिथून कित्येक महिने थोडं थोडं रक्त जात होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. ऑपरेशन झालं, केमो झाली. बाबा २००९ च्या पावसाळ्यात गेले. तीन महिने आधी गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

नंतर अल्बम काढून २००५ आणि २००६ च्या भाऊबिजेचे फोटो शेजारी ठेवले. तेच पाट, तीच रांगोळी, आत्याच्या हातात तेच तबक. आणि बाबा. लहान मुलानंही सांगितलं असतं.

तेराव्याच्या दिवशी आत्यानं मला गॅलरीत विचारलं, "तेव्हा मी जरा जोरात बोलायला हवं होतं का रे?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता थोडंफार आहे. ब्यान च्युएनं चार खेपा घातल्या आणि पळाला. चुनयू यीनं भलत्याला सांगितलं. त्यातल्या त्यात झांग झोंगजिंगचं वागणं मला पटतं, त्यानं तीन दिवसांनी परत येऊन चौकशी केली. आत्या, तूही बरोबर तेच केलंस. त्याच्यासमोर वांग त्सानचा चेहरा होता म्हणून खोटं पकडलं गेलं. तुझ्या हातात नुसता फोन होता, आणि फोनवर रंग दिसत नाही. जो दिसत होता तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता, आणि "आत्या, दाखवलेलं नाहीये गं" एवढंच म्हणायचं काम माझं होतं. जोरात बोलायचं राहिलं ते माझं.

हे तिला तोंडानं सांगायला जमलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय. भाचेमंडळी तिला वाचून दाखवतीलच. आता तिच्याशी व्हिडिओवर बोलणं होतं, पण त्यावरही काही खरं नाही. मागच्या वेळी म्हणाली, "तुम्ही सगळेच पिवळे दिसताय, तो दिवा बदला आधी." या दिवाळीला तिला प्रवास झेपणार नाही, तेव्हा मीच इंदूरला जाणार आहे. दारात जरा थांबून तिच्याकडे नीट बघणार आहे. आणि ती माझ्याकडे बघून काही म्हणाली, तर हसणार नाही.